बेरीज आत बरोबर, बाहेर शून्य: सी मधल्या व्हेरिएबल स्कोपचा नेहमीचा घोळ

पहिल्या सेमिस्टरची पोरं लूपपर्यंत पोचली की पंधरा दिवसांच्या आत स्कोपचा, म्हणजे व्हेरिएबलचं नाव कोडमध्ये कुठून कुठपर्यंत चालतं याचा, प्रश्न माझ्या टेबलावर येतोच. यंदा तो एका मुलाने आणला. त्याच्या वडिलांची नागपूरच्या कळमना मार्केटमध्ये संत्र्याची अडत आहे. पोराने हौसेने पाच ढिगांची वजनं घेऊन एकूण काढणारा प्रोग्राम लिहिला होता. तक्रार अशी: "सर, लूपच्या आत प्रिंट केलं तर बराबर येऊन राह्यलं, बाहेर केलं का झिरो. कंपायलर काही बोलूनच नाही राह्यला."

कोड खाली देतो. फळ्यावर लिहिताना मी तोंडाने जसा बोलतो तसा देवनागरीत दिलाय, मशीनवर टाकताना नेहमीचे कीवर्ड टाका.

इंट मेन(व्हॉइड)
{
    इंट एकूण = ०;
    इंट आय, वजन;
    फॉर (आय = ०; आय < ५; आय++)
    {
        स्कॅनएफ("%डी", &वजन);
        इंट एकूण = एकूण + वजन;
        प्रिंटएफ("आत %डी", एकूण);
    }
    प्रिंटएफ("बाहेर %डी", एकूण);
    रिटर्न ०;
}

वजनं दिली १२०, ९५, १४०, ८० आणि ११०. आत छापून आलं १२०, २१५, ३५५, ४३५, ५४५. बाहेर छापून आलं शून्य.

घोळ सगळा लूपमधल्या त्या एका "इंट"मुळे आहे. तो लिहिला की सी भाषेला वाटतं, तुम्हाला "एकूण" नावाचं नवं व्हेरिएबल हवंय. वरचं जुनं "एकूण" तिथेच असतं, शून्य किंमत घेऊन. फक्त लूपच्या महिरपी कंसात असेपर्यंत ते झाकलं जातं. सगळी वजनं नव्याला मिळतात. कंस बंद झाला की नवं संपतं, जुनं पुन्हा दिसू लागतं आणि त्याला तर कुणी हातच लावलेला नसतो. नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या जुन्या वाड्यात माजघरात उभं राहून "बाळ्या" अशी हाक मारली तर माजघरातला बाळ्या ओ देतो. चौकात खेळणाऱ्या बाळ्यापर्यंत ती हाक जातच नाही.

एवढं सांगितलं की पोरं मान डोलावतात. पण त्या मुलाने पुढचा प्रश्न विचारला आणि तो जास्त चांगला होता: "मग आत बराबर बेरीज कशी काय झाली?"

होऊ नये, हे त्याचं बरोबर होतं. सी मध्ये नाव जाहीर झालं, म्हणजे "इंट एकूण" एवढं वाचून झालं, की बरोबरच्या चिन्हाच्या आधीच नव्या नावाचा स्कोप सुरू होतो. त्यामुळे "इंट एकूण = एकूण + वजन" या ओळीत उजवीकडचं "एकूण"सुद्धा नवंच आहे. वरच्या शून्याशी त्याचं काही नातं नाही. ते स्वतःलाच विचारतंय की माझी किंमत किती, आणि त्याला अजून किंमत दिलेलीच नाही. मग १२० आलं कुठून? लूपची प्रत्येक फेरी त्या आतल्या व्हेरिएबलला बहुतेक वेळा स्टॅकवरची (फंक्शनमधल्या व्हेरिएबलांसाठीच्या मेमरीतली) तीच जागा देते, आणि मधल्या वेळात ती जागा कुणी पुसत नाही. पहिल्या फेरीला तिथे योगायोगाने शून्य पडलेलं होतं. पुढच्या फेरीला मागच्या फेरीचा उरलेला आकडा सापडला. हा नियम नव्हे, निव्वळ नशीब. प्रोग्राम डॅश ओ टू (कोड वेगवान करायचा ऑप्शन) लावून कंपाइल करा, किंवा लूपच्या आधी दुसरं एखादं फंक्शन बोलवा, की आतही कचरा आकडा येऊ शकतो. म्हणून बाहेरच्या शून्यापेक्षा मला आतल्या ५४५ ची जास्त भीती वाटते. शून्य निदान सांगतं की काहीतरी चुकलंय.

दुरुस्ती एका शब्दाची: लूपमधला "इंट" खोडा.

हा "इंट" तिथे येतो कसा

मी त्याला विचारलं, "बाबू, हा दुसरा इंट कधी टाकला?" त्याला आठवेना. मग त्याच्याकडून सगळं पहिल्यापासून टाइप करून घेतलं. मजा अशी की माझ्यासमोर त्याने तीच चूक पुन्हा केली.

आधी त्याने लूपमध्ये नुसतंच "एकूण = एकूण + वजन" लिहिलं, वर जाहीर करायचं राहून गेलं. जीसीसीने, म्हणजे आमच्या सी कंपायलरने, एरर दिली: 'एकूण' अनडिक्लेअर्ड, फर्स्ट यूज इन धिस फंक्शन. एरर ज्या ओळीवर होती त्याच ओळीच्या पुढे त्याने "इंट" लावला. एरर गेली. मग लूपच्या बाहेर प्रिंटएफ लिहिलं, तर पुन्हा तीच एरर, कारण आतलं नाव बाहेर दिसत नाही. आता मात्र त्याने वर जाऊन "इंट एकूण = ०" टाकलं. ही एररही गेली. दोन एरर, दोन इंट. दुसरा टाकल्यावर पहिला काढायचा असतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कंपायलर सांगणारही नव्हता, कारण आता प्रोग्राम सी च्या नियमांत चोख बसत होता.

माझ्या अनुभवात स्कोपच्या दहातल्या आठ तक्रारी याच वाटेने येतात. पोराला स्कोपची व्याख्या विचाराल तर धडाधड म्हणून दाखवेल. त्याने इंट लिहिलेला असतो तो फक्त एररचं तोंड बंद करायला.

त्या एररच्या शब्दांबद्दलही दोन गोष्टी सांगतो. "फर्स्ट यूज इन धिस फंक्शन" म्हणजे या फंक्शनमध्ये हे नाव पहिल्यांदा इथे सापडलं, एवढंच. जाहीर करायची जागा हीच, असा त्याचा अर्थ नाही. दुसरी गोष्ट: एक नाव एका फंक्शनमध्ये वीस वेळा चुकीचं वापरलं असलं तरी जीसीसी त्याबद्दल एकदाच बोलतो. त्यामुळे "एकच तर एरर आहे, तेवढी ओळ नीट करतो" हा हिशेब फसतो. अनडिक्लेअर्ड दिसलं की ओळ सोडा, आधी ठरवा की हे नाव कुठून कुठपर्यंत जिवंत हवंय. ती सगळी जागा ज्या सर्वांत आतल्या कंसात मावते, त्या कंसाच्या सुरुवातीला इंट लिहा.

बोट ठेवून शोधायची पद्धत

स्क्रीनवर नाही जमलं तर कोड कागदावर उतरवा. शंका असलेलं नाव ज्या ओळीत वापरलंय तिथे बोट ठेवा आणि एकेक ओळ वर सरकत जा. वाटेत बंद होणारा महिरपी कंस लागला तर तो जिथे उघडलाय तिथपर्यंत थेट उडी मारा, त्याच्या पोटातलं काही बघू नका, आणि तो लूपचा असेल तर फॉरच्या कंसातलंही नाही. वर जाताना उघडणारा कंस लागला तर तुम्ही एक पायरी बाहेर आलात. असं जाताना त्या नावाचा जो पहिला इंट, फ्लोट, कॅर काय असेल तो भेटेल, तोच तुमचा. पुढे शोधू नका. काही न भेटता फंक्शनच्या कंसापर्यंत आलात तर फंक्शनचे पॅरामीटर बघा, आणि तिथेही नसेल तर फाइलमध्ये त्याच्याही वर, सगळ्या फंक्शनांच्या बाहेर.

वरच्या कोडमधल्या शेवटच्या प्रिंटएफवर बोट ठेवून बघा. लूपचा बंद कंस लागतो, उडी, फॉरच्या ओळीवर, आणि मग "इंट एकूण = ०". शून्य का छापलं ते बोटालाच कळतं.

तरीही विश्वास बसत नसेल तर आत एकदा आणि बाहेर एकदा "%पी" वापरून एकूणचा पत्ता छापा. दोन वेगळे पत्ते आले की वाद संपला, दोन व्हेरिएबल आहेत.

कंपायलरला बोलतं करा

"कंपायलर काही बोलत नाही" हे अर्धंच खरं आहे. त्याला कुणी विचारलेलं नसतं. नावावर नाव झाकायला सी मध्ये परवानगी आहे, म्हणून त्याची वॉर्निंग आपणहून येत नाही. बहुतेक जणांना वॉर्निंग मागायचा "डॅश वॉल" हा ऑप्शन माहीत असतो, आणि वॉल म्हणजे "ऑल", म्हणजे सगळ्या वॉर्निंग आल्या असं त्यांना वाटतं. तसं नाही. नाव झाकल्याची वॉर्निंग डॅश वॉलमध्ये नाही, डॅश डब्ल्यू एक्स्ट्रामध्येही नाही. ती वेगळी मागावी लागते: डॅश, त्याला चिकटून कॅपिटल डब्ल्यू, त्याला चिकटून लहान अक्षरांत शॅडो. कोडब्लॉक्स (कोड लिहून चालवायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर कंपायलर सेटिंगमध्ये आणखी ऑप्शन लिहायची मोकळी जागा असते, तिथे तेच टाका. मग जीसीसी सरळ सांगतो की अमक्या ओळीतल्या घोषणेने आधीचं लोकल झाकलंय, आणि खाली एका नोटमध्ये झाकलं गेलेलं मूळ कुठे आहे तेही दाखवतो.

डॅश वॉल अगदीच बिनकामाचा आहे असंही नाही. सर्वांत जड ढीग शोधायचा हा नमुना बघा:

इफ (वजन > जास्त)
{
    इंट जास्त = वजन;
}

इथे आतलं "जास्त" जन्मतं आणि लगेच मरतं, कुणी वापरत नाही. म्हणून डॅश वॉल "अनयूज्ड व्हेरिएबल" अशी वॉर्निंग देतो. पोरं ती वाचत नाहीत, कारण "न वापरलेलं व्हेरिएबल" ऐकायला निरुपद्रवी वाटतं. पण मी वर तर वापरलंय, मग हा न वापरलेलं कुणाला म्हणतोय, असा प्रश्न पडला पाहिजे. गंमत पुढे आहे. उत्तर चुकतंय म्हणून मुलगा चूक शोधायला त्या इंटच्या खाली एक प्रिंटएफ टाकतो. आता आतलं "जास्त" वापरलं गेलं. वॉर्निंग गायब! चूक शोधायला टाकलेल्या ओळीनेच चुकीचा एकमेव पुरावा पुसला. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता कुणी प्रोग्राम दाखवायला आलं की आधी विचारतो, "प्रिंटएफ टाकायच्या आधी वॉर्निंगची पिवळी ओळ येत होती का?"

लॅबमध्ये चालतो, घरी चालत नाही

हिंगणा रोडवरून येणारी एक मुलगी रडकुंडीला आली होती. कॉलेजच्या लॅबमध्ये चाललेला प्रोग्राम घरच्या लॅपटॉपवर एरर देत होता. अक्षर न अक्षर तोच. तिने लूप "फॉर (इंट आय = ०; ...)" असा सुरू केला होता आणि लूप संपल्यावर आय छापला होता.

लॅबमध्ये निळ्या स्क्रीनचं टर्बो सी प्लस प्लस, हा जुना कंपायलर, होतं. त्यात नवी फाइल उघडली की तिचं नाव आपोआप नोनेम शून्य शून्य डॉट सीपीपी पडतं. म्हणजे तुम्ही सी समजून लिहिता आणि कंपायलर ते सी प्लस प्लस समजून वाचतो, तेही १९९८ च्या स्टँडर्डच्या आधीचं. त्या जुन्या रिवाजात फॉरच्या कंसात जन्मलेला आय लूप संपल्यावरही जिवंत राहायचा. म्हणून छापला गेला. म्हणूनच तिथे एकाच फंक्शनमध्ये दोन लूप "इंट आय"ने सुरू केले तर मल्टिपल डिक्लरेशनची एरर येते. आजच्या सी मध्ये उलट आहे. फॉरच्या कंसातला आय फक्त त्या लूपपुरता, बाहेर अनडिक्लेअर्ड. दोन लूपांत दोन वेगळे आय खुशाल ठेवा.

त्याच टर्बोमध्ये फाइल डॉट सी नावाने सेव्ह केली तर तिसराच तमाशा: फॉरच्या कंसात इंट चालतच नाही, आणि एखाद्या स्टेटमेंटनंतर मध्येच इंट लिहिला तर "डिक्लरेशन इज नॉट अलाउड हिअर". कारण १९८९ च्या सी मध्ये सगळ्या घोषणा ब्लॉकच्या सुरुवातीलाच लागत. फॉरमध्ये आणि मध्येच जाहीर करायची मुभा १९९९ च्या स्टँडर्डने, सी९९ ने दिली. जीसीसी सुद्धा पाचवी आवृत्ती येईपर्यंत, म्हणजे २०१५ पर्यंत, वेगळं सांगितलं नाही तर जुनंच वळण धरायचा. जुन्या मशीनवर "फक्त सी९९ मोडमध्ये चालेल" अशी एरर आली तर कमांडमध्ये डॅश एसटीडी बरोबर सी९९ टाका.

लूपनंतर आय लागणार असेल तर तो लूपच्या आधी जाहीर करा. लॅबचं मशीन असो की घरचं, हे दोन्हीकडे चालतं. ती मुलगी म्हणाली, "एवढंच?" हो, एवढंच.

सगळं ग्लोबल करून टाकलं तर?

हा उपाय प्रत्येक बॅचमध्ये कुणी ना कुणी शोधून काढतं आणि फार मोठा शोध लागल्यासारखं सांगतं. सगळे इंट मेनच्या वर नेऊन ठेवायचे, म्हणजे कुठूनही दिसतात, अनडिक्लेअर्डची कटकट नाही. वर ग्लोबलला किंमत दिली नाही तरी शून्य मिळतं, हाही फायदा वाटतो.

पहिल्या चार प्रोग्रामांत चालतंही. मग दुसरं फंक्शन येतं. आय ग्लोबल आहे. मेनमध्ये ओळींचा लूप आय वापरतो आणि प्रत्येक फेरीत "ओळ छापा" हे फंक्शन बोलावतो. त्या फंक्शनमधला लूपही तोच आय वापरतो, खान्यांसाठी. तीन ओळी आणि पाच खाने असतील तर एकच ओळ छापून प्रोग्राम संपतो: फंक्शनने आय पाचवर नेऊन ठेवला, मेनला वाटलं आपल्या तीन ओळी कधीच झाल्या. आता आकडे उलटे करा, पाच ओळी आणि तीन खाने. फंक्शनमधून परत येताना आय तीन असतो, मेन त्याचा चार करतो, चार पाचपेक्षा लहान म्हणून पुन्हा फंक्शन, पुन्हा तीन, पुन्हा चार. हा प्रोग्राम थांबतच नाही. एकच कोड एका आकड्यांना लवकर मरतो आणि दुसऱ्यांना अमर होतो. लॉजिक चुकलं म्हणून पोरं तासभर लूपच्या अटी बदलत बसतात. अटी बरोबरच असतात.

लूपचा आय कधीही ग्लोबल नको, यावर मी हट्टी आहे. बाकी एखादा ॲरे दहा फंक्शनांना लागतो म्हणून वर ठेवला तर मी ओरडत नाही.

एक जण ग्लोबल ठेवायला वेगळंच कारण घेऊन आला होता. फंक्शन किती वेळा बोलावलं ते मोजायचं होतं आणि आत "इंट मोज = ०" लिहिलं की दर वेळी एकच यायचं. त्याला ग्लोबल नाही, स्टॅटिक हवं होतं. "स्टॅटिक इंट मोज = ०" आतच लिहा. दिसतं फक्त त्या फंक्शनला, पण जगतं प्रोग्राम संपेपर्यंत, आणि ते शून्य एकदाच भरलं जातं. नाव कुठून दिसतं आणि डबा किती वेळ टिकतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रश्नात घसरलेलं आणखी एक उदाहरण म्हणजे फंक्शनमधल्या लोकल ॲरेचा पत्ता रिटर्न करणं. तिथे जीसीसी न मागता वॉर्निंग देतो, ती वाचा.

वाय वन चं भूत

शेवटी एक विचित्र प्रकार, कारण यात मुलाची चूक जवळजवळ नाहीच. दोन बिंदूंमधलं अंतर काढायचा प्रोग्राम. एक्स वन, वाय वन, एक्स टू, वाय टू, चारही ग्लोबल. वर्गमूळ लागतं म्हणून मॅथ डॉट एच ही हेडर फाइल घेतलेली. एरर अशी: वाय वन पुन्हा वेगळ्याच प्रकारचं चिन्ह म्हणून जाहीर झालंय. एक्स वन ला काही नाही, वाय टू ला काही नाही, फक्त वाय वन. पोराने तीन वेळा ओळ खोडून लिहिली, कीबोर्ड बदलला.

मॅथ डॉट एच मध्ये वाय वन नावाचं फंक्शन आधीच बसलेलं असतं. बेसेल फंक्शन म्हणून गणितात एक कुळ आहे, त्यातलं. वाय झिरो, जे झिरो, जे वन हे त्याचेच भाऊबंद. हेडरमधलं नाव फाइल स्कोपमध्ये, म्हणजे सगळ्या फंक्शनांच्या बाहेर, येतं आणि ग्लोबल व्हेरिएबलही त्याच फाइल स्कोपमध्ये. एका स्कोपात एका नावाच्या दोन वेगळ्या वस्तू सी चालवून घेत नाही. मॅथ डॉट एच काढली तरी जीसीसी कुरकुरतो, कारण हे फंक्शन त्याच्या पाठांतरात आहे, पण मग ती नुसती वॉर्निंग असते.

चारही नावं मेनच्या आत आणली की एरर गेली. आतलं वाय वन आता बाहेरच्या बेसेलला झाकतं, आणि इथे ते झाकणं आपल्या कामाचं आहे. त्याला नावंही बदलायची नव्हती, नुसता कंस ओलांडायचा होता.